तेलाचो हात

काटा हलला.

तन्वीने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. भास नव्हता. मघापासून एका जागी गप्प बसलेला पंपाच्या मीटरचा तो मेला काटा आता हळूहळू मागे सरकत होता.

शेडमध्ये साच्यावर तागाच्या कापडाची होडी पसरली होती. वरून प्लॅस्टिक, कडेने काळी चिकट टेप. आतली हवा पंपाने ओढून घेतली होती. आता आत रेझीन, म्हणजे वाळून दगड होणारा पातळ डिंक, सोडायचं, की कापडाची टणक होडी होणार. पण कुठून तरी हवा शिरत होती. हवेसकट रेझीन गेलं तर होडी कचऱ्यात, आणि बादलीत कालवलेलं रेझीन काही कुणासाठी थांबत नाही.

शिरसाट साहेबांनी सगळ्यांना जागा शोधायला लावलं. ते कंपनीचे साहेब. तारकर्लीच्या या केंद्रात अशी दर्याला न बाधणारी होडी करायला शिकवायचे तेच, आणि शिकून झाल्यावर कंपनीत कुणाला घ्यायचं ते ठरवायचेही तेच. ते आजच्या होडीवरून ठरणार होतं.

मुलं प्लॅस्टिकला कान लावून फिरू लागली. हवा शिरते तिथे बारीक शीळ वाजते. तन्वी थेट नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे गेली, कारण तिथली टेप तिने लावली होती. नाळ सोडून कुठेही सापडू दे, म्हणून तिने रामेश्वराला मनातल्या मनात हात जोडले. सापडलं ते नाळेवरच.

टेपची कड उचलली गेली होती. खाली बोट फिरवलं तर बुळबुळीत. बोट नाकाशी नेलं. खोबरेल.

तेलावर टेप धरत नाही, म्हणून या शेडमध्ये तेलाला सक्त बंदी. तन्वीने तर केसांना तेल लावणंही सोडलं होतं, आणि आई रोज तिच्या झिपऱ्यांच्या नावाने शिमगा करत होती. काल संध्याकाळी तिने ही कड स्पिरिटने पुसून लख्ख केली होती. आज आल्या आल्या त्यावर टेप लावली. मधल्या वेळात इथे कोण आलं असणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

बाळा मेस्त्री पलीकडे रंधा घेऊन उभे होते. तिचे बाबा. त्यांचा जन्म लाकडी होड्या बांधण्यात गेला, आणि नव्या होडीच्या नाळेला तेलाचा हात लावल्याशिवाय त्यांनी कधी काम सुरू केलं नाही. लाकडी होड्या बंद पडल्या तसे ते घरी बसले, आढ्याकडे बघत पडून राहू लागले. केंद्राने लाकूडकाम शिकवायला बोलावलं, तेव्हा कुठे माणूस पोटभर जेवायला लागला.

तन्वीने जागा घासून पुसली, नवी टेप लावली, अंगठा दुखेपर्यंत दाबली. काटा थांबला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो हलला नाही. साहेबांनी नळी उघडली, आणि रेझीन काकवीसारखं कापडात पसरू लागलं.

पोरांचा जीव भांड्यात पडला. साहेबांचा नाही.

"नाळेची टेप कोणाची?"

"माझी, सर."

"खाली काय होतं?"

बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनाही आता कळलं होतं, चेहराच सांगत होता. तेल म्हटलं तर त्यांचं शेडमध्ये येणं संपलं. नाही म्हटलं तर तिची नोकरी गेली.

"मीच नीट पुसलं नव्हतं," ती म्हणाली.

साहेबांना वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाले, "मग तुला घेऊन मी काय करू, तन्वी? यातून माणसं समुद्रात जाणार."

एवढ्यात बाळा मेस्त्रींनी पुढे येऊन लेकीच्या हातातला फडका काढून घेतला.

"बाबा, गप रवा," ती पुटपुटली.

"तू गप रव गो." त्यांनी साहेबांसमोर आपला पंजा पसरला. "तेल माझ्या हाताचा, साहेब. पोरीचो हात कोरडो आसा."

मग स्पिरिटच्या फडक्याने त्यांनी एकेक बोट पुसलं, अंगठा पुन्हा पुसला, फडका तिला परत दिला. कुणी काही सांगायच्या आत ते शेडबाहेर जाऊन उभे राहिले, आणि तिथूनच नाळेकडे बघू लागले.