पेलिकनच्या दोन ओळी

लॉर्ड पेलिकननं डोक्यावरची टोपी काढली आणि तो एस्मेकडे वळला. आता तिची पाळी.

कॅलिप्सोच्या, म्हणजे बेटावरच्या टोमणेबाज गाण्यांच्या, त्या तंबूत रिवाजच तसा. तंबू आपला म्हणायचा, होती पत्र्याची शेड. कार्निव्हलच्या आधी नवे गाणारे यायचे, आपलं गाणं म्हणायचे, मग म्हातारा पेलिकन उभ्या उभ्या त्यांच्यावर दोन ओळी जुळवायचा. शेवटी गाणारा पसंत पडला तर मालक वहीत नाव लिहायचा, नाहीतर वही मिटायचा. दुपारपासून पेलिकननं एकाला सोडलं नव्हतं. शिंप्याचं नाक, बसकंडक्टरची पळालेली बायको, सगळं चव्हाट्यावर! लोक बाकं बडवत होते.

एस्मे कॉन्व्हेंटात कविता शिकवायची. आज दाढ दुखते म्हणून सांगून आलेली. शाळेत तिनं आणखी एक सांगून ठेवलं होतं, की आई कपडे शिवते. आई बाजारात सुरमई विकायची. आणि हा पेलिकन दर शनिवारी त्याच टोपलीपुढं उकिडवा बसून तासभर घासाघीस करायचा. तंबूतल्या ओळी सकाळपर्यंत गावाच्या तोंडी. एस्मेनं लिंबू चोळून धुतलेले हात पाठीमागं लपवले.

गाणं तिनं सुरात म्हटलं होतं. शब्द वेचून वेचून घातलेले. गुलाब, बर्फ, नाइटिंगेल. नावही घेतलं होतं 'लेडी नाइटिंगेल'. तो पक्षी या बेटावर कुणी बघितला असेल तर शपथ.

पेलिकननं टोपी छातीला लावली. मान झुकवली. आणि गायला, अगदी हळू, मधात बोट बुडवल्यासारखं:

"टीचरबाई आल्या दारी, धन्य झालं आमचं घर,
शब्द त्यांचे मोत्यावाणी, फुलं वाहू पायांवर."

सुरमई नाही. टोपली नाही. आई नाही. एस्मेचा जीव भांड्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चर्चमध्ये वाजवतात तशा, अदबीनं. कुणीतरी उठून तिला खुर्ची दिली.

ती फिलोमावशीच्या शेजारी टेकली. मावशी बाटलीवर चमचा मारून ठेका धरायची, तीस वर्षं.

"सुटले गं मावशी! मला काहीच बोलला नाही."

मावशीनं चमचा खाली ठेवला. "शिकलीस एवढी, पण अक्कल गहाणच का गं? टोपी छातीला लावून तो कुणासाठी गातो, ठाऊक आहे?"

"कुणासाठी?"

"मयतासाठी. जित्या माणसाच्या तो वाभाडे काढतो. तुला त्यानं पोचवून टाकलं, पोरी."

समोर मालकानं वही मिटली होती. पेन्सिल कानावर चढवत होता. शिंपी, कंडक्टर, सगळे एका बाकावर दाटीवाटीनं बसून एकमेकांना ढुसण्या देत हसत होते. खुर्चीवर ती एकटीच. लहानपणापासून पाठ केलेल्या सगळ्या कविता तिनं मनात चाळल्या. एकीतही पेलिकनच्या तोंडावर मारण्यासारखं काही नव्हतं.

मग तिला आईचा आवाज आठवला. शनिवारचा. कंबरेवर हात ठेवून गिऱ्हाइकाला झाडतानाचा.

खुर्ची उलटी पडली. एस्मे मधोमध येऊन उभी राहिली. हात कंबरेवर गेले.

"पेलिकनचा गळा बघा, लोंबते त्याची झोळी,
वर्षभर त्यात साठवतो दुसऱ्यांच्या ओळी!"

 म्हाताऱ्याला चोर म्हणाली! पेलिकनचे डोळे बारीक झाले. गळ्याखालचं कातडं हललं. एस्मेला वाटलं, आता हा काठी उचलतो.

फिलोमावशीचा चमचा बाटलीवर पडला. टिंग टिंग, टिंग टिंग. पेलिकननं सावकाश टोपी डोक्यावर चढवली. तिरकी.

"इंग्रजी हिचं राणीवाणी, चाल हिची शाही,
पण आईच्या सुरमईचा वास काही जात नाही!"

पत्रे हादरले. शिंपी बाकावरून खालीच पडला. इतकी वर्षं ज्या ओळीला ती भीत आली होती, ती आली होती, आणि आता दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून शाळेकडे निघालीही असेल. एस्मे उभी होती. कंडक्टर सरकला आणि त्यानं बाकावर तिच्यापुरती जागा केली.

मालकानं कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली. "नाव तेच ना बाई? नाइटिंगेल?"

"बाई कुणाला म्हणतोस रे?" एस्मे म्हणाली. "लिही. लेडी सुरमई."