मानेवरची जखम

महामायाला ती कोंबडी घरामागच्या गुरांच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगाआड सापडली. मानेवर आडवी खोल जखम होती, डोळे अर्धे मिटलेले. मुंगसानं धरली असणार, असं समजून महामायानं तेलात कालवलेली हळद जखमेवर लावली आणि कापसाच्या बोळ्यानं तिला पाणी पाजलं. तिचं टोपलं खाटेखाली ठेवलं. ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या ती तिला रोज तळहातावर चारायची. हळूहळू जखम भरली. कोंबडी चालू-फिरू लागली, पण तिच्या गळ्यातून आवाज मात्र कधी निघाला नाही.

जीव लागला होता, तरी दुसऱ्याची कोंबडी ठेवून घेणं महामायाला बरं वाटेना. शेजारचे गुलाबराव शेगावहून, लेकीच्या घरून परतले, तशी ती कोंबडीला काखेत घेऊन त्यांच्या दारी गेली.

"काका, हे कोंबडी तुमची तं नाही?"

त्यांनी काही बोलायच्या आधीच कोंबडीनं खाली उडी मारली, उंबरा ओलांडला आणि आतल्या खुराड्यात जाऊन बसली.

"पाहा, घर ओळखलं तिनं," महामाया हसून म्हणाली.

गुलाबराव मात्र स्वतःच्याच घरात पाऊल टाकेनात.

"आमचीच हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "पण पोरी, जावई आले होते त्या दिवशी म्या हिले कापलं. तुह्या घरी वाटीभर रस्सा धाडला होता ना, तो हिचाच."