दुसरी कॉपी

दोघी बहिणींनी जन्मभर एकच बिऱ्हाड केलं. थोरली गेली आणि धाकटीच्या हाती उरले ते कॉम्प्युटरमधले तिचे फोटो आणि तिच्या गाण्यांची रेकॉर्डिंग. तेही गेलं तर, या धास्तीनं ती हार्ड डिस्क घ्यायला गेली.

“मावशी, एकीवर विसंबू नका, दोन घ्या,” दुकानदार म्हणाला. “एक घरी ठेवा, दुसरी बाहेर, आपल्या माणसाकडे. घरात चोरी झाली, आग लागली, तरी दुसरी वाचेल.”

त्यानंच घरी येऊन दोन्हींवर सगळं उतरवून दिलं. एक कपाटात गेली. दुसरी पर्समध्ये घालून ती आपलं माणूस आठवत बसली. भावाशी बोलणं कधीच खुंटलं होतं. शेजारीण लेकीकडे कायमची राहायला गेली होती. जुन्या मैत्रिणीचा फोन भलत्याच कुणीतरी उचलला.

शेवटी ती पुन्हा दुकानाची पायरी चढली.

“काय झालं मावशी, बिघडली का?”

“नाही रे. तुझ्याकडे ठेवशील?”

त्यानं काउंटरखालचा खण ओढला. आत गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या हार्ड डिस्क दाटीवाटीनं बसल्या होत्या.


त्या जराशा सरकवून त्यानं आणखी एकीपुरती जागा केली.