पुन्हा मीच

"नाव सांगा त्या बाईचं. नाव मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात सहा जणी हेडफोन लावून बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. सुपरवायझरनं तक्रार घेऊन आलेल्या बाईसमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तिनं तो बाजूला सारला आणि त्या जागी आपला तक्रारअर्ज ठेवला. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. वीस वर्षं कॉलेजात शिकवणाऱ्या बाईचा अर्ज. 'संबंधित कर्मचाऱ्याचे नाव' एवढीच जागा कोरी होती.

आईला जाऊन सतरा दिवस झाले होते. सापडली तेव्हा ती टेलिफोनशेजारच्या खुर्चीत बसलेली होती. मांडीवर रिसीव्हर. समोर भिंतीवर, तिच्याच अक्षरात, रुग्णवाहिकेचा नंबर. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत आणलं असतं तर, असंही म्हणाले. म्हणजे आईनं फोन केला होता आणि कोणीतरी तो उडवून लावला होता. का, तेही तिला ठाऊक होतं.

"तुमच्याकडे नोंद असणार तिची," ती म्हणाली. "पॅनिक डिसऑर्डर. दोन वर्षांत नऊ वेळा गाडी आली, नऊ वेळा ईसीजी चांगला निघाला. दहाव्यांदा तुम्ही म्हणालात, झालं हिचं नाटक सुरू. बरोबर ना?"

"असं इथे कोणी म्हणत नाही, मॅडम."

"सगळे म्हणतात!"

सगळे म्हणतच होते. मामा घरात शिरतानाच विचारायचा, "काय ताई, आज गाडी नाही का बोलावलीस?" आणि स्वतःच खो खो हसायचा. शेजारीण म्हणायची, मन जरा घट्ट करा. भाऊ फोनवरून सांगायचा, तिला कशाततरी गुंतव. फक्त तिनं, लेकीनं, या आजारावरची तीन पुस्तकं आणून, पेन्सिलीनं खुणा करत वाचली होती. छाती आवळून येते, बोटं बधिर होतात, श्वास पुरत नाही, आणि आपण आत्ता, या क्षणी मरतोय याची माणसाला पक्की खात्री असते. त्या खात्रीत खोटं काही नसतं. हे ती ज्याला त्याला समजावून सांगायची. मामाशी तर तिनं यावरून बोलणंच टाकलं होतं. थकायची तीही. नवव्या खेपेला पेपर तपासायचे अर्धे सोडून धावत घरी आली, तर आई ओशाळल्या चेहऱ्यानं चहा पीत बसलेली. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "आई, तुझ्यापायी कुठल्यातरी खऱ्या पेशंटची गाडी अडते." एकदाच. आई हसली होती. विषय तिथेच संपला होता.

सुपरवायझरनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हा तुमच्या घरचा नंबर. ही त्या दिवसाची तारीख. कॉल नाही."

"पुसला असेल."

"पुसता येत नाही, मॅडम. मलाही नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई हेडफोन काढून उठली. "'पुन्हा मीच' काकू?" तिनं विचारलं. "गेल्या त्या?"

"काय म्हणालात?" ती ताडकन उभी राहिली. "टोपणनाव ठेवलं होतंत माझ्या आईला? चहाच्या वेळेला टिंगल करायला?"

"फोन लागला की त्या तसंच म्हणायच्या हो. नाव नाही, पत्ता नाही. 'पुन्हा मीच गं.' गाडी पोचेपर्यंत आम्ही दोघी त्यांच्या फळीवरचे डबे मोजायचो. त्या एकेक नाव घ्यायच्या, मी आकडा म्हणायची. कधी कधी डबे संपायचे, मग बरण्या."

"आणि वैताग नाही यायचा? खरं सांगा."

"हे आणि हार्ट अटॅक फोनवर सारखेच ऐकू येतात. मला फरक कळत नाही. त्यांना तरी कुठून कळणार? म्हणून दर वेळी गाडी जायची. दर वेळी."

"मग त्या दिवशी का नाही गेली?"

बाईनं सुपरवायझरकडे पाहिलं. त्यानं पडद्यावरची यादी मागे सरकवली.

"त्यांचा शेवटचा कॉल त्याच्या तीन आठवडे आधीचा आहे," तो म्हणाला. "गाडीसाठी नव्हता. नियमात बसत नाही, पण ऐकवतो."

तिनं हेडफोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. दुसऱ्या हातात पेन उघडं होतं. कोऱ्या जागेवर टेकवलेलं.

"पुन्हा मीच गं." आईचा आवाज. "आज काही होत नाहीये मला. आता मी फोन नाही करणार, एवढंच सांगायचं होतं."

"का हो काकू? आमच्यातलं कोणी बोललं का काही?"

"छे, तुम्ही कशाला बोलाल! पण माझ्यापायी कुठल्यातरी खऱ्या पेशंटची गाडी अडते."

पेन कागदावरून उचललं गेलं नाही. शाईचा ठिपका पसरत गेला.

"असं कोण म्हणालं तुम्हाला?" हेडफोनमधली बाई चिडली होती. "नाव सांगा मला त्या माणसाचं."

मग आई हसली. त्या दिवशी चहा पिताना हसली होती तशीच.

"कोणी नाही गं. माझं मलाच सुचलं."