मोहाखालचा जाळ

गावात लावलेल्या नव्या मोहाच्या झाडांचा पहिला बहर बघायला डॉ. सुनंदा खोब्रागडे पोचल्या, तेव्हा रैनीबाई झाडाखालचा पाचोळा जाळत होती. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून इथं दरवर्षी असंच करतात. धूर फांद्यांखाली दाटून राहिला होता.

हा मोह सुनंदाबाईंनी अर्धं आयुष्य घालवून घडवला होता. त्याचं एक सुकं फूल चघळलं, की मोडलेल्या हाडाचाही ठणका थांबायचा. फुलांचा काढा, दारू, भाकर, सगळं त्यांनी तपासून पाहिलं होतं. पानांत औषध अगदी नावापुरतं होतं, म्हणून ती सोडून दिली. पाचोळ्याचा धूर तपासायचं मात्र प्रयोगशाळेत कुणालाच सुचलं नव्हतं.

"या नं मॅडम!" रैनीबाई हसत म्हणाली. "तुमचं झाड मोठं गुणाचं आहे. सकाळपासून ना कंबर दुखली, ना गुडघे."

सुनंदाबाईंची नजर खाली गेली. रैनीबाई अनवाणी उभी होती आणि पायांखालच्या राखेत निखारे फुललेले होते.

त्यांनी धावत जाऊन तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"काय झालं मॅडम?" रैनीबाईनं गोंधळून हवा हुंगली. "आज तर सण नाही. मग कोणाकडं बकरं भाजून राहिले?"

 सुनंदाबाईंनी मान वर केली. पार टेकडीपर्यंत प्रत्येक नव्या मोहाखालून धूर निघत होता आणि बायका गाणी म्हणत पाचोळा लोटत होत्या.