कार्तिकीची वीत

एकच बाक कुणी मोजला तर आठ वीत भरला, कुणी मोजला तर दहा, आणि तिसरीच्या वर्गात जुंपली. तांडेल बाईंनी कपाळाला हात लावला. गणिताच्या या नव्या पुस्तकावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. सरळ मीटर-सेंटिमीटर पाठ करून घ्यायचं सोडून, म्हणे आधी वितीनं बाक मोजा.

"पंजा बघ तुझा केवढासा," असं एकमेकांना ऐकवून दमल्यावर मुलांनीच तोड काढली. कुणाच्या अध्यात ना मध्यात नसणाऱ्या कार्तिकीची वीत सगळ्यांनी खरी मानायची. एरवी गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारी कार्तिकी बाकाबाकावर हात टेकवत मिरवत फिरली.

दुसऱ्या दिवशी ती तापानं घरी राहिली आणि सगळी मोजणी अडली. मधल्या सुट्टीत मुलांनी तिच्या घरी जाऊन तिची वीत पुठ्ठ्यावर आखून आणली. ती फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगून झाल्यावर बाईंनी पुस्तकाचं पुढचं पान वाचलं, "प्रत्येकाची वीत वेगळी असते, म्हणून सर्वांसाठी एकच माप हवे."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी संशयानं विचारलं, "बाई, आपलं भांडण पुस्तकाला कुणी सांगितलं?"