चौथी खुर्ची

“वा! खुर्ची काय रिकामी वाटते हो!” विमा कंपनीचे साहेब म्हणाले आणि चित्रकाराचा जीव भांड्यात पडला.

दोन वर्षं तो चित्रांची वही बगलेत मारून वणवण फिरत होता. साबणवाल्यांनी हाकललं, बिस्किटवाल्यांनी चहा पाजून हाकललं. त्याची एकच खोड नडायची. समोर माणूस बसल्याशिवाय त्याला चेहरा म्हणून जमत नसे. साहेबांना जाहिरातीसाठी जेवायला बसलेलं कुटुंब हवं होतं. चार खुर्च्या, एक रिकामी. त्याने आपलंच घर काढलं. आई, बायको, धाकटी बहीण.

“मला नको हं घालवूस,” आईने वाढता वाढता दटावलं होतं. “मी एवढ्यात नाही जायची.”

“अगं, कुणालाच नाही घालवत. तिघीही आहात.”

आता त्याची नजर साहेबांच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे सात जुन्या जाहिराती. सात टेबलं, सात घरची माणसं, सात रिकाम्या खुर्च्या.

“ही चित्रं कुणी काढली?”

“तुमच्यासारख्याच होतकरूंनी. सगळ्यांनी आपापलंच घर काढलं. हात काय एकेकाचा! पण दुसरं चित्र घेऊन एकही आला नाही बघा.” साहेब हसले, तेव्हा तोंडात दात जरा जास्तच दिसले.

चित्रकाराने पुन्हा आपल्या चित्राकडे पाहिलं. काढणारा आपल्या चित्रात नसतोच. प्रत्येकाने स्वतःचीच खुर्ची रिकामी ठेवली होती. त्यानेही.

“थांबा, जरासं राहिलंय!” त्याने चित्र ओढून घेतलं. शाई पक्की. खुर्ची खोडता येईना, म्हणजे भरायलाच हवी. स्वतःला बसवावं, तर खोलीत आरसा नाही. मग समोर होता तोच चेहरा त्याने भराभर खुर्चीत बसवला. टक्कल, चष्मा, दात.

साहेब रागावले नाहीत. चित्राकडे बघत राहिले.

“बरं झालं,” ते हळूच म्हणाले. “मलाही कधीचं घरी जायचं होतं.”

तो धावत सुटला. दम लागेपर्यंत धावला, मग दम लागूनही धावला. दार आईनेच उघडलं. आत बायको कशाला तरी खदखदून हसत होती. टेबलाशी, त्याच्या जागेवर, टक्कल चमकत होतं.

आईने त्याला खालून वर न्याहाळलं.

“कोण हवंय आपल्याला? जरा नंतर याल का? मुलगा आत्ताच जेवायला बसलाय.”